बंबाच्या जागी सोलर: दिवाळी ते श्रावण वापरल्यावर

पाणी तापवायचं सोलर घ्यायचं म्हटलं की लोक आधी उन्हाची चौकशी करतात. खान्देशात उन्हाची काय चौकशी करायची! मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि धुळ्याकडे पौषात कितीही गारठा पडला तरी आभाळ मोकळं असतं. चौकशी करायची ती आपल्या बोअरच्या पाण्याची, त्यात क्षार किती आहे याची.

आमचं घर अमळनेर तालुक्यात, माणसं सहा. तांब्याचा बंब बुडाशी गळायला लागला आणि डाक देणारा कारागीर काही मिळेना, म्हणून दिवाळीत १५० लिटरचं, काचेच्या नळ्यांचं सोलर बसवलं. पाइपलाइन धरून पंचवीस हजारांच्या आसपास गेले. बंबाला सरपण तसं फुकट होतं, शेतातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. पण पऱ्हाटी भसाभस जळते. कोणीतरी एकाने समोर बसून कोंबत राहायचं, डोळे चोळायचे, न्हाणीघराची भिंत काळी करायची. शिवाय घराशेजारी पऱ्हाट्या रचून ठेवल्या की त्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम ठोकते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर हजर. हे कृषी खात्याची माणसं कधीची सांगतायत, पण पाणी तापवायला दुसरं काही नसलं तर ऐकणार कोण? यंदा आमच्या पऱ्हाट्यांचा शेतातच भुगा करून टाकला. हा फायदा कुठल्याच जाहिरातीत नसतो.

नळी दुहेरी काचेची असते, दोन काचांमधली हवा काढून टाकलेली. त्यामुळे आत आलेली उष्णता सहसा बाहेर पडत नाही आणि थंडीतही पाणी तापतं. तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, गार पाणी नळीत उतरतं. पाणी फिरवायला मोटर लागत नाही. माय सुरुवातीला नळाखाली हात धरून विचारायची, "ना जाळ, ना धूर, मंग पाणी तपस कसं?" थंडीत १५० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ७ युनिट वीज लागते. गीझर घेतला असता तर ती बिलात दिसली असती.

बसवणाऱ्याने मात्र घोळ घातला. सोलरच्या टाकीवरचा हवेचा पाइप गार पाण्याच्या टाकीपेक्षा उंच हवा. त्याने तो आखूड ठेवला आणि टाकी भरली की स्लॅबवर पाण्याची धार. फोन केला तर "होतं असं सुरुवातीला" म्हणे! शेवटी गावातल्या प्लंबरने पाइप वाढवला, तेव्हा धार थांबली. दुसरी कटकट पहिल्या बादलीची. पाइपमध्ये साचलेलं गार पाणी निघून जाईपर्यंत गरम येत नाही. ती बादली आम्ही गुरांना ठेवतो. पण घर बांधतानाच न्हाणीघर टाकीच्या बरोबर खाली काढता आलं तर सोन्याहून पिवळं.

उन्हाळ्यात गरम पाणी हवंय कोणाला? वापर नाही, ऊन मरणाचं, टाकीतलं पाणी हात लावू देत नाही. आणि पाणी ६० अंशांच्या वर गेलं की क्षार झपाट्याने बसतो. निम्म्या नळ्या गोणपाटाने झाकल्या, तरी पावसाळ्याच्या तोंडावर एक नळी काढली तर बुडाशी ओंजळभर पांढरे पापुद्रे, अंड्याच्या टरफलासारखे, बोटाने दाबले की कुडकुड मोडणारे. आपल्या घागरीला, कुकरला पांढरा थर धरत असेल तर तुमच्याकडेही हेच होणार. नळ्या वर्षातून एकदा तरी धुवाव्या लागतील, हे धरूनच चाला. काढायच्या तर भल्या पहाटे, त्या गार असताना, आणि परत बसवताना रबरी वायसरला साबणाचं पाणी लावून. नळीच्या टोकाचा चंदेरी भाग दुधासारखा पांढरा पडला असेल तर आतली पोकळी गेली, ती नळी बदलायचीच.

आणखी एक सांभाळायचं. बोअरची मोटर जळून वरची टाकी रिकामी पडली आणि नळ्या उन्हात कोरड्या तापल्या, तर दुपारी घाईने पाणी सोडू नका, काच तडकते. रात्र होऊ द्या.

आषाढात झड लागली की पाणी जेमतेम कोमट. टाकीत २ किलोवॉटची कॉइल बसवून घेतलीय, ती तेवढ्यापुरती लावतो. मायने बंब काही मोडीत देऊ दिलेला नाही.

अनुदानाचं विचाराल तर सोलर वॉटर हीटरवरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. सूर्यघर योजनेचे ७८ हजारांपर्यंतचे पैसे छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनलला मिळतात, पाणी तापवायच्या सोलरला नाही. दुकानदार दोन्हींची सरमिसळ करून बोलला तर तिथेच थांबवा. आणि वॉरंटी कार्डावर क्षाराबद्दल काय लिहिलंय ते पैसे द्यायच्या आधी वाचा. आमच्या कार्डावर, क्षाराने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, असं शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात होतं.