लेखक-संपादकांच्या ऑनलाइन मेळाव्यासाठी झूम: जागा चांगली, पण खोल्या नीट पाडा

अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं १९५२ साली, आणि त्यानंतर थेट २०२४ मध्ये. संमेलन दारात येईल नि तिथे संपादक भेटेल, अशी वाट बघत बसलं तर खान्देशातल्या शहादा-साक्री-रावेरकडच्या लिहिणाऱ्याचं आयुष्य त्यातच जायचं. त्यामुळे ऑनलाइन मेळाव्यांना इकडे गिऱ्हाईक आहे. प्रश्न एवढाच, की ते भरवायचे कशावर?

आमचा कौल झूमला. गूगल मीट फुकटात एक तास देतं आणि झूम चाळीस मिनिटांत दार लावतं, तरीही झूमच. कारण ब्रेकआउट रूम, म्हणजे एकाच मिटिंगच्या आत पाडलेल्या छोट्या खोल्या. मीटमध्ये ही सोय फक्त पैसे भरलेल्या ठरावीक खात्यांना मिळते, झूममध्ये फुकट खात्यालाही. आणि लेखक-संपादकांच्या मेळाव्यात खरं काम होतं ते या छोट्या खोल्यांतच. मोठ्या खोलीत ओळखपरेड लावली तर पंचवीस जणांची प्रत्येकी दोन मिनिटं धरून पन्नास मिनिटं होतात, म्हणजे फुकटची मिटिंग ओळख संपायच्या आधीच बंद. शिवाय दोन मिनिटांवर थांबणारा कवी अजून जन्माला यायचाय. उद्घाटनाची भाषणं दहा मिनिटांत आवरा, त्यांच्याविषयी एवढंच.

खोल्यांची सोय आधी सुरू करावी लागते. ॲपमध्ये शोधत बसू नका. ब्राउझरमधून झूमच्या खात्यात शिरून सेटिंग्जमध्ये, मिटिंगच्या ॲडव्हान्स्ड भागात तिचं बटण आहे. मेळाव्याच्या दिवशी होस्टने, म्हणजे मिटिंग चालवणाऱ्याने, लॅपटॉपवरच बसावं. मोबाइलवरून खोल्या सांभाळायला जाल तर फसाल. मदतीला एक को-होस्ट हवाच, कारण खोल्या पाडताना वेटिंग रूममधल्यांना आत घ्यायला दुसरा हात लागतो.

चोवीस माणसं असतील तर सहा खोल्या, खोलीत चार जण, एका फेरीला बारा मिनिटं. प्रत्येकाची दोन मिनिटं गेली की मोकळ्या बोलण्याला चार उरतात, तेवढी पुरतात. खोलीत सहा जण झाले की दोघंच बोलतात आणि बाकीचे म्यूटवर चहा पितात.

वाटणीत मात्र बहुतेक आयोजक चुकतात. ‘ऑटोमॅटिक’ दाबलं की झूम माणसं आंधळेपणाने वाटतं. मग एका खोलीत चार कवी, दुसरीत तीन संपादक, आणि कुणालाच कुणाचा उपयोग नाही. ‘ज्याने त्याने खोली निवडा’ म्हटलं तर मोठ्या दैनिकाच्या संपादकाच्या खोलीत झुंबड आणि बाकी खोल्या ओस. आधीच यादी चढवून खोल्या ठरवायचीही सोय आहे, पण ती ईमेलवर चालते. नोंदणीचा ईमेल एक आणि झूमचं लॉगिन दुसऱ्याच ईमेलचं, किंवा लॉगिन न करताच व्हॉट्सॲपवरची लिंक दाबून आत, असं झालं की तो माणूस यादीत सापडत नाही. आपल्याकडे निम्मी मंडळी अशीच येतात. म्हणून हाताने वाटा: आधी प्रत्येक खोलीत एक संपादक, मग लेखक. त्यासाठी आत येताच प्रत्येकाने नाव बदलून घ्यावं, ‘ले – नाव – चोपडा’ किंवा ‘सं – नाव – धुळे’ असं. कुणाच्या पाटीवर अजून ‘रेडमी’ दिसत असेल, तर त्याला कुठे बसवायचं हे होस्टला कळणार नाही.

खोल्या बंद करताना आधी साठ सेकंदांची उलटी मोजणी येते. ती कमी पडते, नंबर सांगता सांगता माणूस बाहेर फेकला जातो. तीन मिनिटं उरली की सगळ्या खोल्यांना ब्रॉडकास्ट मेसेज पाठवा. खोलीच्या चॅटमध्ये आलेली लिंक तिथेच उघडून ठेवा, बाहेर आल्यावर ती हाती लागेल याची खात्री नाही. आणि ‘रेकॉर्डिंग मिळेलच’ या भरवशावर राहू नका: क्लाउड रेकॉर्डिंग फक्त मुख्य खोलीचं होतं.

आता नेटवर्क. सगळ्यांचे चेहरे समोर ठेवून व्हिडिओ चालवला तर तासाला एक जीबीच्या आसपास, कधी त्याहून जास्त डेटा जातो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर दोन तासांचा मेळावा शेवटी गचके खाणारच. नुसत्या आवाजाला तासाला पन्नास एमबीही लागत नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंज जेमतेम असते, तिथल्याने कॅमेरा बंद करावाच, पण ‘मोअर’मध्ये जाऊन ‘स्टॉप इनकमिंग व्हिडिओ’ही दाबावं. कित्येक जण आपला कॅमेरा बंद करून निर्धास्त होतात आणि डेटा खातात ते समोरचे वीस चेहरे. वाय-फाय असेल तर वीज जाण्याचा विचार करा. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, सगळे नाहीत.

यानंतरची गडबड झूमची नाही, आपली. नमुना लेखाची गूगल डॉक्सची लिंक चॅटमध्ये पडते, संपादक दाबतो आणि समोर ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’. बारा मिनिटांच्या फेरीत परवानगी मागत कोण बसेल? आदल्या दिवशीच ‘लिंक असलेला कोणीही’ आणि ‘व्ह्यूअर’ असं करून ठेवा, मग स्वतः लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर चॅटमध्ये चिकटवला तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. हे जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवतात. फॉन्ट नसला की मूळ अक्षरं उघडी पडतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर रफार, ‘ऱ्या’, जोडाक्षरं नि अवतरणचिन्हं डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर नेमका तिथेच पाय घसरतो.

अहिराणी लिहिणाऱ्यांसाठी एक. तपासणीच्या साधनांना ‘मना’, ‘तुना’, ‘शे’ हे चुकलेलं मराठी वाटतं, आणि खान्देशाबाहेरच्या काही संपादकांनाही. खोलीतच विचारून घ्या: संवाद अहिराणीत राहतील का, बदल गूगल डॉक्सच्या ‘सजेस्टिंग’ मोडमध्ये सुचवून दाखवणार की परस्पर करणार? तुमच्या रूपांची पानभर शब्दयादी द्यायची तयारी दाखवा. चांगला संपादक ती स्वतःहून मागतो. मानधनाचा दर, पैसे किती दिवसांत आणि पुनर्लेखन किती वेळा, हेही त्याच चार मिनिटांत बसतं. लाजायचं कारण नाही, संपादकालाही ते ठरवूनच हवं असतं.

एकूण पाचपैकी साडेतीन. एक गुण चाळीस मिनिटांच्या कुलपासाठी कापला, अर्धा त्या आंधळ्या वाटणीसाठी. दोन तासांचा मेळावा म्हणजे पैसे भरणं आलंच, पण ते एकट्या होस्टने. बाकीच्यांना फुकट खातंही लागत नाही. वर्षाचा प्लॅन घेऊ नका. महिन्याचा घ्या आणि त्याच दिवशी ऑटो-रिन्यूअल बंद करा. भरलेला महिना संपेपर्यंत चालू राहतो, तेवढ्यात मेळाव्याची दुसरी फेरी उरकता येते.