परदेशात भाड्याची गाडी आणि वेगळी एक्सेस पॉलिसी: काही महिने वापरून झालेलं मत

सातारा-सांगलीकडून परदेशी जाऊन स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी लिहितोय. भाडे कंपनीच्या काउंटरवरचं महागडं फुल कव्हर न घेता वेगळी एक्सेस पॉलिसी (गाडीच्या नुकसानीत आपल्या वाट्याला येणारी रक्कम भरून देणारा स्वतंत्र विमा) काढून युरोप, आइसलँड आणि न्यूझीलंडमध्ये गाड्या वापरल्या. मत आधीच सांगतो: पॉलिसी घेण्यासारखी आहे, पण क्रेडिट कार्डाची लिमिट भरपूर असेल तरच.

भाड्यात बहुतेक वेळा सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) धरलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की गाडीचं नुकसान झालं तर एका ठरावीक रकमेच्या वरचे पैसे कंपनी तुमच्याकडे मागणार नाही. ती रक्कम म्हणजे एक्सेस. युरोपात छोट्या गाडीवर ती साधारण हजार ते दोन हजार युरो असते. काउंटरवर जादा पैसे भरले की ती शून्यावर किंवा अगदी कमी होते आणि डिपॉझिटही उतरतं. वेगळ्या पॉलिसीत तसं होत नाही. भाडे कंपनी आधी तुमच्या कार्डावरून पैसे कापते, मग तुम्ही विमा कंपनीकडे क्लेम करायचा. दीड हजार युरो एक्सेस असेल, तर दीड लाखाच्या आसपासची लिमिट डिपॉझिट म्हणून गाडी परत देईपर्यंत अडकते. हॉटेलचं बिलही त्याच कार्डावर असेल तर पंचाईत होते. बुकिंगच्या वेबसाइटवर मिळणारं ‘फुल प्रोटेक्शन’ही बहुधा याच जातीचं असतं, ते दाखवून काउंटरवर डिपॉझिट कमी होत नाही.

मग घ्यायची कशाला? काउंटरच्या दरापेक्षा ती बरीच स्वस्त पडते, आणि सीडीडब्ल्यूतून हमखास वगळलेल्या गोष्टी चांगल्या पॉलिसीत येतात: टायर, काचा, टप आणि गाडीचा खालचा भाग. प्रत्यक्षात नुकसान होतं ते इथेच. अरुंद गल्लीत फुटपाथच्या कडेला अलॉय व्हील घासतं, हायवेवर खडा उडून काचेला टिकली पडते. चुकीचं इंधन भरलं किंवा किल्ली हरवली तर काय, हे मात्र पॉलिसीगणिक बदलतं. ते कलम वाचूनच पैसे भरा.

आइसलँडबाबत माझं मत वेगळं आहे. तिथे खडी आणि वाळू-राख यांचं कव्हर काउंटरवरच घ्यावं. वाऱ्यासोबत उडालेली वाळू रंग आणि काचा एकाच वेळी खराब करते, आणि तो खर्च आधी आपल्या कार्डावर येणं परवडत नाही. जोराच्या वाऱ्याने दार उलटं ओढलं जाऊन बिजागरी वाकते. हे नुकसान बहुतेक कव्हरमध्ये बसत नाही. गाडी तोंड वाऱ्याकडे करून लावा आणि दार हाताने घट्ट धरून उघडा. एफ-रोडवर (तिथल्या डोंगराळ भागातल्या कच्च्या रस्त्यांवर) फोर बाय फोरशिवाय जायचं नाही. नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर सगळा भुर्दंड तुमचा.

एक्सेस पॉलिसी फक्त भाड्याच्या गाडीपुरती असते. समोरच्याच्या नुकसानीशी तिचा संबंध नाही. युरोपात थर्ड पार्टी कायद्यानेच सक्तीची आहे. न्यूझीलंडमध्ये ती सक्तीची नाही. जखमींच्या उपचाराचं तिथली सरकारी योजना बघते, पण दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान भाड्याच्या करारात धरलंय का, ते पाहून घ्या. अमेरिकेत अनेक राज्यांत थर्ड पार्टीची किमान रक्कम फारच तुटपुंजी आहे, तिथे जादा लायबिलिटी कव्हर घ्याच. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींतली पर्सनल लायबिलिटी वाहनाला लागू होत नाही. घरच्या एमएच-११ किंवा एमएच-१० गाडीची पॉलिसी तर जादा हप्ता भरूनही नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारच्या देशांपुरतीच वाढते.

आंतरराष्ट्रीय परवाना सारथी पोर्टलवरून काढावा. सातारकरांनी सातारा आरटीओ, कराडकरांनी कराड, सांगलीकरांनी सांगली निवडायचं. फी १००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही. आपला परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असल्याने जपानमध्येही चालतो. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. नवऱ्याचं कार्ड आणि चालक बायको, हे चालत नाही. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा, आणि मशीनने रुपयांत पैसे घेऊ का असं विचारलं तर तिथलंच चलन निवडा.

क्लेम अडतो तो कागदांवर. भाड्याचा करार, गाडी घेताना आणि देतानाचे डॅमेज फॉर्म, दुरुस्तीचं बिल आणि पैसे कापल्याचं कार्ड स्टेटमेंट, एवढं लागतंच. दुसरी गाडी गुंतली असेल तर पोलिस रिपोर्टही. नुसती रक्कम लिहिलेला ईमेल पुरत नाही, भाडे कंपनीकडून तपशीलवार बिल मागून घ्या. गाडी घेताना चारही चाकं जवळून, काच, टप, इंधनाचा काटा आणि किलोमीटर असा एकसलग व्हिडिओ काढा. पार्किंग अंधारं असेल तर गाडी उजेडात आणून काढा. परत देतानाही तेच करा. ऑफिस बंद असताना किल्ली पेटीत टाकून निघालात, तर ते उघडून कोणी गाडी तपासेपर्यंत जबाबदारी बहुतेक करारांत तुमचीच राहते. तेव्हा शेवटच्या व्हिडिओत गाडी कुठल्या जागेवर उभी आहे तेही दिसू द्या.