स्ट्रिंग हॅशिंगसाठी मॉड्युलस: १०^९+७ घ्यावा की २^६१−१?

स्ट्रिंग हॅशिंग म्हणजे अक्षरांच्या ओळीला एका संख्येत, म्हणजे हॅशमध्ये, बदलणं: प्रत्येक अक्षराच्या अंकाला बेस नावाच्या संख्येच्या घाताने गुणायचं, बेरीज करायची आणि मॉड्युलसने भागून उरलेली बाकी, म्हणजे अवशेष, ठेवायची. मी दोन्ही मॉड्युलस मनापासून वापरले आहेत, आणि यातला कुठलाही घेतलात तरी काम अडणार नाही.

१०^९+७ सवयीचा. अवशेष बत्तीस बिटांत बसतो, दोन अवशेषांचा गुणाकार चौसष्ट बिटांत मावतो, भाषा कुठलीही असो. त्याचा एक गुण मात्र फारसा कुणी सांगत नाही. त्यातून १ वजा केला की २ × ५०,००,००,००३ मिळतात, आणि हा दुसरा अवयवही मूळ संख्याच आहे. म्हणून ०, १ आणि −१ सोडून कोणताही बेस घ्या, त्याचे घात पन्नास कोटींच्या आत फिरून पुन्हा १ वर येत नाहीत. फार सुंदर गोष्ट आहे ही.

अडचण आकाराची. साधारण सदतीस हजार वेगवेगळ्या स्ट्रिंग एकमेकींशी ताडून पाहायच्या असतील, तर कुठेतरी दोघींचा हॅश सारखा निघण्याची शक्यता निम्म्यावर जाते. मग जोडीला १०^९+९ हा दुसरा मॉड्युलस घ्यावा लागतो, आणि माझं मन तिथेच उडालं. दोन बेस, घातांचे दोन अ‍ॅरे, प्रीफिक्सच्या (सुरुवातीपासूनच्या तुकड्यांच्या) हॅशचे दोन अ‍ॅरे. वजाबाकीनंतर ऋण उत्तर सावरायचं, तेही दोनदा. वर सी++ च्या अनऑर्डर्ड मॅप या तक्त्याला पेअर, म्हणजे दोन संख्यांची जोडी, ही की आयती चालत नाही, म्हणजे हॅश साठवायला आणखी एक हॅश लिहा! दोन्ही अवशेष एकाच चौसष्ट बिटांच्या संख्येत भरता येतात, हे मान्य. पण तेही पुन्हा आपणच निस्तरायचं.

२^६१−१ ही संख्या फ्रेंच गणिती मर्सेनच्या १६४४ च्या, २^n−१ रूपातल्या मूळ संख्यांच्या यादीत नव्हती. ती मूळ असल्याचं रशियन गणिती पेर्वुशिनने १८८३ मध्ये सिद्ध केलं. इथे २^६१ चा अवशेष १ येतो, त्यामुळे भागाकार लागतच नाही: वरचे बिट खाली सरकवून मिळवायचे, गरज पडली तर एकदा वजाबाकी. एकच संख्या, एकच अ‍ॅरे. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण जोडीपेक्षा हे हळू चालतंय असं मला कधी जाणवलं नाही.

दोन पथ्यं मात्र आहेत. गुणाकार १२२ बिटांपर्यंत जातो, म्हणून १२८ बिटांचा प्रकार हवा. जावात मल्टिप्लायहाय (गुणाकाराचे वरचे चौसष्ट बिट देणारं फंक्शन) आहे, पायथनमध्ये प्रश्नच नाही. जुन्या बत्तीस-बिटी कंपायलरवर काम असेल तर मी आग्रह धरणार नाही. दुसरं, बेस दर वेळी यादृच्छिक आणि मोठा निवडा. इथे २ हा बेस घेतला तर ६१ पावलांत घात परत १ वर येतो, आणि ६१ जागांच्या अंतरावरची दोन अक्षरं अदलाबदल केली तरी हॅश तोच राहतो.

चौसष्ट-बिटी पायथन स्वतःच्या संख्यांच्या हॅशसाठी हाच मॉड्युलस वापरतो. हॅश(२^६१−१) मागून पाहा, ० मिळेल. गणितातच उत्तर १०^९+७ च्या मॉड्युलोने मागितलं असेल तर गोष्ट वेगळी, पण नव्याने हॅशिंग लिहीत असाल तर मी २^६१−१ कडेच बोट दाखवीन.