सात महिने फिटनेस बँड: हातात पिशवी आली की पावलं गायब

स्क्रीन केवढी, बॅटरी किती दिवस, पाण्यात चालतो का, हे सगळं तुम्हाला पाठ असणार. ते सोडून देते. दिवाळीच्या सेलमध्ये २,४९९ ला घेतलेला हा बँड. सात महिने झाले त्याच आठवड्यात पट्टा बकलापाशी तुटला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने तुकडा चिमटीत धरून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, पट्टा वॉरंटीत येत नाही. नवीन ३९९." म्हणजे यंत्र वॉरंटीत, ते मनगटाला बांधायचं कशाने ते आपलं आपण बघायचं. हा रिव्ह्यू त्या रागात लिहायला घेतलाय, आधीच सांगून ठेवते.

पण माझं खरं भांडण पट्ट्याशी नाही, पिशवीशी आहे.

आमची लिफ्ट महिन्यातून चार दिवस बंदच असते. तीन मजले, ५४ पायऱ्या. हात मोकळे ठेवून चढले, बँड म्हणाला ५१. ठीक. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन चढले, म्हणाला ९. नऊ! धापा टाकत दारात उभी राहिले आणि पहिलं काय केलं तर मनगट बघितलं. त्याच संध्याकाळी ओट्यापासून न हलता पंधरा पोळ्या लाटल्या, तर १३८ पावलं जमा. कारण साधं आहे. आतला सेन्सर पाय बघत नाही, मनगटाचे हेलकावे मोजतो आणि त्यावरून पावलांचा अंदाज बांधतो. पिशवी धरलेला हात लोंबत नाही, लाटण्यावरचा हात मात्र छान मागेपुढे होतो. बँड मोज्यात खोचून बघितला, तर ५३ आले. आता रोज घोट्याला बांधून ऑफिसला जाऊ का?

पहिले दोन महिने मी याची भक्त होते. लक्ष्य दहा हजार पावलं. सकाळी साडेपाचला तळजाई टेकडीवर, रात्री ९,४०० दिसले की जेवणानंतर हॉलमध्ये येरझाऱ्या. नवरा म्हणायचा, "बस की आता, फरशी झिजेल." सत्यनारायणाच्या पूजेत तिसऱ्या अध्यायाला मनगट गुरगुरलं, "हलायची वेळ झाली", तर मी खरंच उठून प्रसादाची वाटी इकडची तिकडे केली. सलग ६१ दिवस लक्ष्य पूर्ण.

आणि यात एक गोष्ट झाली, ती लक्षात यायला मला मार्च उजाडला. मी मंडईला चालत जाणं सोडून दिलं होतं. वीस मिनिटं जायला, वीस यायला, वर्षानुवर्षं जात होते. पण येताना हात भरलेले, म्हणजे ती पावलं फुकट. मग भाजी घरी मागवायला लागले (डिलिव्हरीचे पैसे वेगळे, कोथिंबीर शिळी) आणि वाचलेल्या वेळात सोसायटीभोवती प्रदक्षिणा, मोकळ्या हातांनी. जे चालणं कामाचं होतं ते मीच हिशोबातून काढून टाकलं, कारण बँड ते धरत नव्हता.

मार्चमध्ये चार्जिंग बंद पडलं. बँड अकरा दिवस सर्व्हिसला (ते काम फुकट झालं, तेवढं श्रेय देते). मला वाटलं होतं, सवय लागली आहे, चालेन. अकरांपैकी आठ दिवस टेकडीवर गेलेच नाही. जाऊन उपयोग काय, मोजणार कोण? स्वतःचीच लाज वाटली. नंतर वाचलं की संशोधक जॉर्डन एटकिन यांनी २०१६ मध्ये हेच प्रयोगांतून दाखवलं होतं: मोजलं की माणसं जास्त चालतात, पण त्यांना चालण्याची मजा कमी वाटते आणि मोजणं थांबलं की पुढे करायची इच्छाही घटते. हौसेचं काम हजेरीपत्रकावर गेलं की असं होतं. बँकेत एकतीस वर्षं मस्टरवर सह्या केल्यात, मला तरी हे आधी कळायला हवं होतं.

त्या दहा हजारांचंही ऐका. हा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून निघालेला नाही. १९६५ मध्ये जपानच्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मोजक. नाव खपलं. २०१९ मध्ये संशोधक आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ बायकांच्या पाहणीत बघितलं, तर रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. मी मात्र ९,४०० ला अपराधी वाटून हॉलमध्ये फिरत होते.

इथवर लिहून झाल्यावर दोन तारे देणार होते. पण मावशींचं सांगायला हवं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पाच घरं करतात. एक दिवस सकाळी गमतीने बँड त्यांच्या हाताला बांधला. दुपारी दोनला परत आणून दिला: १३,६४०. बादली उचलून चाललेली पावलं त्याने किती गाळली असतील ते वेगळंच. आकडा वाचून दाखवला तर मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एवढी चालते मी? मग पैसे वाढवा की ताई." तीनशे वाढवले. या हिशोबाने बँड मला २,४९९ ला पडलेला नाही.

अ‍ॅलिया क्रम आणि एलेन लँगर या संशोधकांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या सात हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या ८४ बायकांबरोबर असंच काहीसं केलं होतं. काही जणींना सांगितलं, तुमचं रोजचं काम म्हणजे पुरेसा व्यायामच आहे. चार आठवड्यांनी त्यांचं वजन आणि रक्तदाब थोडे उतरलेले होते, काम तेवढंच असल्याचं सांगत असूनही. अभ्यास लहान आहे. कोण जाणे, त्या जरा जोराने घासायला लागल्या असतील. मला लागलं ते वेगळंच. मावशींना विचारलं तर त्या "व्यायाम? आम्हाला कुठे वेळ" म्हणतील. आणि मी सहा हजार पावलांवर चारचौघांत "मी नियमित चालते" म्हणते.

तर सध्याची स्थिती. लक्ष्य ७,५०० वर आणलंय, रात्रीच्या येरझाऱ्या बंद. सलग दिवस दाखवणारा भाग ॲपमध्ये बंद करता येतो, तीन पानं आत लपवलाय, शोधा. पट्टा कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या काकांनी जाड दोऱ्याने शिवून दिला, वीस रुपये. ३९९ वाल्यापेक्षा घट्ट बसलाय.

झोपेच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, टीव्ही बघत पडले तरी झोप धरतो. नाडी बरी दाखवतो.

शनिवारी मंडईला जायला लागले आहे पुन्हा, दोन पिशव्या घेऊन. तेव्हा बँड घरी चार्जिंगला असतो.

तीन तारे. पिशवीतली पावलं धरायला लागला की चौथा देईन.