कार्डाचा ॲडॉप्टर: तयार मॉड्यूल घ्यावं की घरी करावा?

लिथियम सेलवर चालणारा छोटा ऑडिओ प्लेअर मी घरी जुळवलाय. त्यात कार्डासाठी आधी तयार मायक्रोएसडी मॉड्यूल, म्हणजे कार्ड बसवायची खाच असलेला छोटा सर्किट बोर्ड, लावलं होतं. आता घरी केलेला ॲडॉप्टर आहे: मायक्रोएसडी कार्डासोबत मिळणारी मोठ्या कार्डाच्या आकाराची प्लॅस्टिकची खोळ आणि तिच्या पट्ट्यांवर सोल्डर केलेल्या पिना.

तयार मॉड्यूल पाच मिनिटांत जोडून होतं आणि कार्ड नीट बसतं, हे मान्य. पण माझ्या मॉड्यूलवर वीज घ्यायला एकच पिन होती, तीही थेट १११७ जातीच्या रेग्युलेटरला (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणाऱ्या चिपला) गेलेली. ३.३ व्होल्ट द्यायला त्याला वर आणखी एक व्होल्टहून जास्त लागतो. ५ व्होल्टवर काही अडत नाही. सेल ३.७ पर्यंत उतरला की मात्र कार्डाला २.६ च्या आसपास मिळणार, आणि कार्डाला किमान २.७ हवेत. हा हिशेब मी फार उशिरा मांडला. आधी दिसायचं ते एवढंच, की चार्जिंगवरून काढल्यावर सगळं झकास, तासाभरानं गाणं मध्येच तुटायचं आणि कार्ड गायब. चार्जर लावला की परत हजर! दोन आठवडे मी कार्डालाच दोष देत होतो. तीन कार्डं बदलली, प्रत्येक पुन्हा फॉरमॅट केलं. या एका त्रासापायी मॉड्यूल काढलं.

घरच्या ॲडॉप्टरला वीज प्लेअरच्या मुख्य बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या लाइनवरून दिली, मधे दुसरा रेग्युलेटर नाही. खोळीच्या पट्ट्यांमधलं अंतर साधारण २.५ मिलिमीटर, त्यामुळे नेहमीची सात पिनांची हेडर पट्टी (एका ओळीतल्या धातूच्या पिना) जवळजवळ जशीच्या तशी बसते. मोजताना जपा: कापलेल्या कोपऱ्यालगतची पट्टी ९ नंबरची, १ नंबर तिच्या शेजारची. १ चिप सिलेक्ट (बोर्ड कार्डाला निवडतो ती लाइन), २ डेटा कार्डाच्या आत, ३ ग्राउंड, ४ वीज, ५ क्लॉक, ६ पुन्हा ग्राउंड, ७ डेटा कार्डाच्या बाहेर. ३ आणि ४ मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकाच, कार्ड एकदम करंट ओढतं. सोल्डर करताना कार्ड बाहेर ठेवा. फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावायचा लेप) लावून पट्टीवर आधी थोडं सोल्डर चढवायचं, मग पिन टेकवून दोन सेकंदांत आयर्न उचलायचं. माझ्या पहिल्या खोळीचं प्लॅस्टिक ४ नंबरपाशीच मऊ पडलं आणि पट्टी तिरकी झाली. दुसरी जमली.

तुमचा बोर्ड ५ व्होल्टचा असेल तर बहुधा तयार मॉड्यूलच बरं. सिग्नलची पातळी खाली आणायची सोय त्यात असते, आणि ५ व्होल्ट थेट दिले तर कार्ड जाऊ शकतं. रोज कार्ड काढ-घाल करणार असाल तरीही खोळ मला थोडी नाजूक वाटते. मी महिन्यातून एकदा काढतो. पिनांच्या मुळाशी ग्लू गनचे थेंब टाकलेत, आणि आता सेल पार उतरेपर्यंत गाणी वाजतात.