टाटामोबाईलचा जीर्णोद्धार आणि कोल्हापूरचे उद्यमनगर

जुनी पिकअप गाडी नव्याने उभी करायची असेल, हाताशी निवृत्तीनंतरचा वेळ असेल आणि काम डोळ्यांसमोर होताना पाहण्याची हौस असेल, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या लहान-मोठ्या वर्कशॉपांच्या वसाहतीइतकी सोयीची जागा दक्षिण महाराष्ट्रात मला तरी दुसरी दिसत नाही. मात्र ही शिफारस सरसकट नाही. इंजिन आणि पत्र्याच्या कामासाठी ती मनापासून आहे, रंगासाठी बेताची आहे आणि वायरिंगसाठी नाहीच. हे परीक्षण कोणा एका दुकानाचे नव्हे. उद्यमनगरात एकच माणूस सगळी कामे करीत नाही. इंजिनाचे सिलिंडर आतून कापून देणारा बोअरवाला वेगळा, लेथवाला वेगळा, रेडिएटरवाला वेगळा, पत्र्याचे काम करणारा डेंटर वेगळा. गाडीच्या मालकाने या सर्वांच्या दारात स्वतः उभे राहायचे असते. ज्याला नोकरी-धंदा आहे त्याच्यासाठी ही डोकेदुखी आहे. ज्याची सकाळ मोकळी आहे, त्याला मात्र यातच खरा रस सापडतो.

आमची गाडी टाटामोबाईल 206, म्हणजे टाटांच्या टेल्को कंपनीने 1988 साली बाजारात आणलेली पिकअप. त्याआधी 1986 साली आलेली 407 सर्वांच्या लक्षात आहे, पण तिच्याहून लहान असलेल्या या गाडीचे श्रेय लोक विसरतात. पुढे 1991 ची सिएरा आणि 1992 ची इस्टेट याच गाडीच्या पायावर उभ्या राहिल्या. 1948 सीसीचे चार सिलिंडरचे तेच डिझेल इंजिन 1994 साली आलेल्या सुमोतही होते. जीर्णोद्धार करणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण टाटामोबाईलच्या नावाने दुकानदार मान हलवतो, पण सुमोचे नाव घेतले की कपाटातून खोके काढतो. तरीही भाग घेताना गाडी बिनटर्बोची असल्याचे आधी स्पष्ट सांगावे, आणि टाटांच्याच 207 डीआय पिकअपचे इंजिन पूर्णपणे वेगळे, मोठ्या क्षमतेचे असल्याने ‘चालेल हो’ या शब्दावर त्याचा भाग घेऊन येऊ नये.

इंजिनाच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. बोअरवाल्यांकडे इंजिनाचा ब्लॉक ठेवल्यावर त्यांनी मशीन सुरू करण्याऐवजी डायल गेज आत सोडून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, शिवाय आडवा-उभा असा मोजला. रिंगा जिथून परत फिरतात तो वरचा भाग सर्वांत जास्त झिजतो, कारण तिथे उष्णता अधिक आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. तेथे बोटाला लागणारा कंगोरा त्यांनी मला दाखवला. मूळ व्यास 83 मिलिमीटरचा, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरने मोठे पिस्टन बसवायचे ठरले. मी घाई केली तेव्हा उत्तर आले, “काका, पिस्टन आधी आणा, पिस्टन हातात आल्याबिगर मी बोअरला हात लावत नाही.” खोक्यावर माप छापलेले असताना हा हट्ट कशासाठी, ते पिस्टन आणल्यावर कळले. चारही पिस्टन एकाच खोक्यातले असूनही त्यांनी प्रत्येकाचा व्यास मायक्रोमीटरने पाहिला, डोक्यावर खडूने 1 ते 4 आकडे घातले आणि ज्या सिलिंडरमध्ये जो पिस्टन जायचा त्याच्याच मापाने तो सिलिंडर कापला. शेवटी होनिंग करून आतील भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा उमटवल्या; तेल धरून ठेवण्याचे काम याच रेषा करतात, आणि आरशासारखा गुळगुळीत केलेला सिलिंडर दिसायला कितीही देखणा असला तरी तेल पितो. अशी मेहनत कोणत्याही बिलात वेगळी लिहिलेली नसते.

क्रँक ग्राइंडिंग, हेडचे फेसिंग आणि नोझलची तपासणी ही कामेही आसपासच्याच गल्ल्यांत झाली. नोझलवाल्याने चारही नोझल हातपंपावर चालवून फवारा दाखवला. तीन धुक्यासारखे आणि एक नळाच्या धारेसारखा, त्यामुळे काय बदलायचे हे सांगण्याची गरजच उरली नाही. या इंजिनात डिझेल आधी लहान कप्प्यात पेटते, म्हणून थंडीत हीटर प्लग धड नसतील तर सेल्फ कितीही मारला तरी उपयोग होत नाही. नव्या पिस्टनांबरोबर ते चारही प्लग बदलून घ्यावेत, खर्च किरकोळ आहे.

उद्यमनगराचे खरे वैशिष्ट्य लेथच्या शेडमध्ये दिसते. गिअरच्या दांड्याचा बुश बाजारात कोठेच मिळेना. झिजलेला जुना बुश घेऊन गेलो, तर कारागिराने नायलॉनची कांडी लेथवर लावून, झीज किती झाली असेल याचा अंदाज धरून, माझ्यासमोर नवा बुश कातून दिला आणि दांडा बसवून पाहिल्यावर पुन्हा केसभर घासला. ऊस गाळण्याचे चरक आणि ऑइल इंजिनाचे सुटे भाग घडवण्यात ज्या गावाच्या पिढ्या गेल्या, तेथे ‘भाग मिळत नाही’ हे वाक्य अखेरचे मानले जात नाही.

पत्र्याचे काम चांगले झाले, पण त्यावर नजर ठेवावी लागली. केबिनमधील रबरी मॅट उचलल्यावर पायाखालची जमीन दिसत होती, आणि हौद्याचा तळ व फाळक्याच्या बिजागऱ्या गंजाने खाल्लेल्या होत्या. डेंटरपुढे नेहमी दोन वाटा असतात: कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा किंवा वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, रंग मारायचा. दुसरी वाट स्वस्त आहे आणि दोन पावसाळ्यांत उघडी पडते. काम सुरू होण्यापूर्वीच कापून जोडण्याचे बोलून घ्यावे आणि रंगाआधी एक साधा लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरावे. जिथे तो चिकटत नाही तिथे आत पत्रा नाही, लांबी आहे. माझ्या चुंबकाकडे पाहून डेंटरने आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण उजव्या चाकाच्या कमानीवर तो घसरून खाली पडल्यावर कुरकुर न करता ती जागा पुन्हा कापली. कारागीर म्हणून त्यांच्याबद्दलचा माझा आदर यामुळे वाढला.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. उघड्या शेडमध्ये मारलेल्या रंगात धुळीचे कण बसतात आणि बॉनेटवर ते तिरप्या उन्हात दिसतात. मालवाहू गाडीला हे चालते, प्रदर्शनात मिरवायची असेल तर बंद भट्टीची सोय असलेल्या ठिकाणी जास्त पैसे मोजावेत. सीटचे रेक्झिन ठीक बसले.

वायरिंगबाबत मात्र निराशा पदरी पडली. ज्या वायरमनकडे काम दिले त्यांनी जुन्या वायरींच्या गुंत्यातच नव्या वायरी पिळून जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि पुढच्या दिव्यांना फ्यूज ठेवलाच नाही. धूर आला नाही हे नशीब. ते काम सगळे उपसून, प्रत्येक सर्किटला स्वतंत्र फ्यूज देऊन, मी घरी पुन्हा केले. मल्टीमीटर, वायरीची टोके दाबून बसवणारी क्रिम्पिंगची पकड आणि सर्किटचा नकाशा एवढे साहित्य असेल तर साठी ओलांडलेल्या माणसाला हे काम अगदी जमण्यासारखे आहे, कारण त्यात ताकद लागत नाही, चिकाटी लागते. गिअरबॉक्स उचलणे, कमानपाटे उतरवणे, जॅकवरच्या गाडीखाली शिरणे ही कामे मात्र तरुणांनाच द्यावीत; तेथे मजुरी वाचवण्यात शहाणपण नाही.

वेळ पाळण्याच्या बाबतीत उद्यमनगराला मी नापास करतो. ‘परवा’ या शब्दाचा तेथील अर्थ हंगामावर अवलंबून असतो, आणि साखर कारखान्यांची किंवा शेतीच्या पंपांची तातडीची कामे आली की हौशी माणसाचा जॉब बाकाखाली जातो. ते योग्यही आहे. एकूण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग पत्रा आणि रंगात गेला, इंजिन त्यामानाने स्वस्तात झाले. अंदाजपत्रक मांडताना बहुतेक जण हे प्रमाण उलटे धरतात.

कागदपत्रांचा विचार गाडी खोलण्याआधी करावा. ‘व्हिंटेज’ नोंदणीची 2021 सालची तरतूद 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी आहे, त्यामुळे टाटामोबाईल तिच्यात बसत नाही. मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी 8 वर्षांची झाली की दर वर्षी पासिंग करून घ्यावे लागते. रंग बदलला तर नोंदणी पुस्तकातही तो बदलून घ्यावा लागतो. हा हेलपाटा टाळण्यासाठी मी मूळचाच पांढरा ठेवला. दिलासा देणाऱ्याही दोन गोष्टी आहेत. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिलेल्या निकालानुसार साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोंच्या आतील मालवाहू गाडी चालवता येते.

आता गाडी पन्हाळ्याचा चढ पाणी न तापवता चढते. रिकामा हौदा खडबडीत रस्त्यावर उडतो आणि पॉवर स्टेअरिंग नसल्याने मंडईत गाडी वळवताना खांदे दुखतात, पण हा दोष कारागिरांचा नव्हे. शनिवारी भजनी मंडळाची पेटी, पखवाज आणि सतरंज्या नेण्याचे काम तिच्याकडे आले आहे, तर एरवी रोपवाटिकेतून कलमे आणि शेणखत आणले जाते. दारांचे रबर अजून मिळालेले नाही. सुमोचे लावून पाहिले, ते जाड होते आणि दार लागेना. लेथच्या शेडशेजारी रबरी साचे करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना जुना तुकडा नमुन्यासाठी देऊन ठेवला आहे, आणि त्यांनी ‘परवा’ सांगितले आहे.