पोल्ट्रीगाइस्ट: गाणं थांबलं की नुसती किळस

लॉइड कॉफमनचा २००६ चा चित्रपट. ट्रोमाचा, म्हणजे कॉफमनच्याच स्वस्त, भडक चित्रपट काढणाऱ्या कंपनीचा, माल म्हटल्यावर रक्त, घाण, उघडीनागडी अंगं हे आलंच. इथे वर गाणीही आहेत. मूलनिवासी अमेरिकनांच्या दफनभूमीवर फ्राइड चिकनचं दुकान थाटलं जातं आणि पुरलेली माणसं व कापलेल्या कोंबड्या मिळून सूड उगवतात. आर्बी, वेंडी, डेनी, कार्ल ज्युनियर, पॅको बेल ही पात्रांची नावं अमेरिकी रेस्टॉरंटांच्या साखळ्यांवरून घेतलेली. ते माहीत नसेल तर बरेच विनोद डोक्यावरून जातील.

यातला जमलेला धक्का म्हणजे पॅको. त्याचा यंत्रात खिमा होतो आणि तो बोलतं सँडविच होऊन परत येतो. किळस पहिल्या क्षणी संपते, पण सँडविचला पुढे संवाद आहेत, कथेत काम आहे, म्हणून हसू टिकतं. गाण्यांचंही तसंच. चाल चालू असली की कान यमकाची वाट बघतात आणि डोळ्यांसमोरचं रक्त ठेक्यात वाहून जातं. नायक तरुण आर्बी आणि स्वतः कॉफमनने केलेला म्हातारा आर्बी यांचं गाणं तर गोडच म्हणावं लागेल (ट्रोमाच्या मानाने).

शौचालयातल्या प्रसंगात मात्र सगळं फसतं. एका अवाढव्य गिऱ्हाइकाचं पोट बिघडतं. पहिला फवारा अनपेक्षित असतो, दुसऱ्याला आवाजाची गंमत असते. त्यानंतर फक्त प्रमाण वाढत जातं. ना कुणी नवीन सापडतं, ना काही नवीन बिघडतं. तिथे गाणंही नाही, त्यामुळे प्रसंग कधी संपणार याचा अंदाजच येत नाही आणि प्रेक्षक हसायचं सोडून घड्याळ बघू लागतो.

हमस या बुरख्यातल्या मुलीवरचे आणि समलिंगी स्त्रियांवरचे विनोद वेगळ्या कारणाने पडतात. सगळ्यांचीच टर उडवतो, असा ट्रोमाचा पवित्रा. पण दुकानावरच्या विनोदात लोभ दिसतो, कामगारांची पिळवणूक दिसते, आणि दुकानाविरुद्धच्या निदर्शकांवरच्या विनोदात त्यांचा ढोंगीपणा सापडतो. हमसच्या वाट्याला बुरख्यापलीकडे फारसं काही येत नाही.

रबर, रंगीत द्रव आणि पिसं यांची कारागिरी मात्र अस्सल आहे. शेवटाकडची कोंबडी-भुतांची हाणामारी त्याच जोरावर रंगते. लांबी सुमारे पावणेदोन तास, त्यातली पंधरा मिनिटं सहज कापता आली असती. मुलांसमोर लावू नका. जेवतानाही नको.